तिप्पट डाळ

ताईनं सभागृहाचं मागचं दार उघडलं तेव्हा सव्वासहा वाजले होते. तिच्या मागे हातगाडीवर भिजलेल्या डाळीची तीन पातेली होती. गाडीवाल्यानं वाटेत दोनदा विचारलं होतं, "बाई, लग्न आहे का घरात?" ताईनं दोन्ही वेळा त्याला "नाही रे बाबा" एवढंच सांगितलं. खरं काय ते सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

खरं हे होतं की अण्णांनी सुरू केलेलं रविवारचं जेवण आज शेवटचं होतं.

अण्णा जहाजावर आचारी होते. पन्नास वर्षांपूर्वी ते कायमचे घरी परतले ते एक पितळी घंटा आणि चारशे माणसांच्या स्वयंपाकाला सरावलेले हात घेऊन. घरात माणसं पाच. त्या हातांना करमेना. महिनाभर बायकोनं मोठ्या पातेल्यातलं उरलेलं शेजाऱ्यांना वाटलं आणि मग हात जोडले. तेव्हा अण्णांनी या सभागृहाच्या मागचं स्वयंपाकघर रविवारपुरतं मागून घेतलं. नियम दोनच. बाराला घंटा वाजणार, आणि जो येईल त्याला कोण, कुठला, का असलं काही न विचारता वाढायचं.

अण्णा गेले, आई गेली, पण रविवार चुकला नाही. ताई, दादा आणि छोटू या तिघा भावंडांनी तो ओढत आणला. दादा शाळेची बस चालवतो. छोटू लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, सहा फूट उंच आहे आणि अठ्ठावन्न वर्षांचा आहे, तरी घरात तो छोटूच. सगळं सुरळीत चाललं होतं. मग सहा महिन्यांपूर्वी तो थंडीतला रविवार उजाडला.

अडीचशे माणसांना पंधरा किलो डाळ, हे अण्णांचं माप. त्या रविवारी छोटूनं दहाच किलो भिजवली. का? तर दादानंच सांगितलं, "थंडीत माणसं कमी येतात, दहा पुरे." हे छोटूचं म्हणणं. आपण असं बोललोच नाही, छोटूला नेहमीप्रमाणे आळस आला, हे दादाचं म्हणणं. ते काही असो, चाळीस माणसं त्या दिवशी उपाशी परत गेली. शेवटी एक म्हातारे घड्याळजी होते. त्यांनी रिकामी ताटली परत चळतीवर ठेवली आणि "हरकत नाही" म्हणून निघून गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माणसं पांगल्यावर दोघा भावांची अशी जुंपली की त्यानंतर ते एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. एक रविवार दादाचा, एक छोटूचा. दादा असेल तिथं छोटू नाही आणि छोटू असेल तिथं दादा नाही.

ताईनं सहा महिने वाट पाहिली. मग तिनं ठरवलं, असं तोंडं फिरवून अन्न वाढण्यापेक्षा न वाढलेलं बरं. एक नृत्यशिक्षिका कधीपासून रविवारसाठी जागा शोधत होती. आज चार वाजता ती किल्ली घ्यायला येणार होती. ताईनं दोघा भावांना एकच निरोप धाडला होता: "शेवटचा रविवार आहे. दोघांनी यायचं. डाळ निम्मी निम्मी भिजवून आणा."

आणि निरोप धाडल्यावर तिला वाटलं, दोघंही रुसून आले नाहीत तर? म्हणून शनिवारी तिनं स्वतःच पंधरा किलो डाळ भिजवली.

पावणेसातला दादाची पिवळी बस दाराशी लागली. आधी वहिनी उतरली, मग दादा, मग एकामागून एक चार पिंपं.

ताईनं एकाचं झाकण उचललं. "दादा, निम्मी म्हटलं होतं मी."

"हो ना," दादा म्हणाला. "पण उरलेली निम्मी कोण आणणार होतं? मग? मी म्हटलं, परत तमाशा नको. पूर्ण पंधरा भिजवली."

"मी पण पंधरा भिजवलीय."

"तू कशाला?"

ताईला याचं उत्तर द्यावं लागलं नाही, कारण तेवढ्यात बँडची गाडी आली. ढोल आणि झांजा नेहमी असतात त्या जागी टब होते, आणि त्यांच्यामध्ये छोटू पाय पसरून बसला होता. तो उतरला, त्यानं बस पाहिली, दादाला पाहिलं, पिंपं पाहिली आणि ताईकडे वळला.

"ताई, ही पिंपं कुणाची?"

"दादाची."

"म्हणजे तो आला?"

"तुझ्यासमोर उभा आहे रे."

"मला वाटलं, येणारच नाही. त्याचा रुसवा मला माहीत नाही का? म्हणून मी सगळीच भिजवली. पंधरा."

टबातून पाणी ठिबकत होतं. या घरातली माणसं एकमेकांसाठी धावत येतील, आजारपणात रात्र रात्र बसतील, पण दुसरा आपलं काम वेळेवर करील यावर मात्र कुणाचा काडीचा विश्वास नाही. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. पण पंचेचाळीस किलो डाळीच्या रूपात त्यांनी ते प्रथमच पाहिलं.

वहिनीला आधी हसू आलं. मग तिनं हिशेब केला आणि हसू गेलं.

*

वहिनी पाळणाघर चालवते. रडणारी मुलं आणि रुसलेली मुलं यांतला फरक तिला लांबून कळतो. आत्ता स्वयंपाकघराच्या दोन टोकांना तिला दोन रुसलेली मुलं दिसत होती. एक कांदे सोलत होतं, दुसरं गाजरं किसत होतं, आणि दोघं ताईमार्फत बोलत होती.

"ताई, त्याला म्हणावं, ज्यादा डाळ घरी घेऊन जा."

"ताई, त्याला विचार, घरी घेऊन जाऊन काय करू? ढोलात भरू?"

"मी काय टपाल खातं आहे का?" ताई कडाडली. "आणि डाळ कुठं जाणार नाही. या उकाड्यात संध्याकाळपर्यंत आंबेल सगळी. अण्णांच्या स्वयंपाकघरातून आजवर घास फेकलेला नाही. शेवटच्या दिवशी तर नाहीच नाही."

तेवढ्यात सिस्टर आली. सिस्टर म्हणजे छोटूची मुलगी. इस्पितळात परिचारिका आहे, म्हणून घरातही सगळे तिला सिस्टरच म्हणतात. चार वर्षांची असताना तिची आई गेली आणि ताईनं तिला वाढवलं. रात्रपाळी संपवून ती थेट इकडं आली होती. टब, पिंपं आणि पातेली यांच्यामध्ये ती क्षणभर उभी राहिली.

"आत्या, किती माणसांची आहे ही?"

"साडेसातशे."

"आणि येणार किती?"

"अडीचशे."

"म्हणजे पाचशे माणसं कमी आहेत." सिस्टरनं केस वर बांधले. "मग माणसं आणू या."

"कुठून आणू या?" दादा म्हणाला. "माणसं काय बाजारात मिळतात?"

वहिनी खिडकीतून बाहेर पाहत होती. दाराशी बस उभी होती, चाळीस सीटची, रविवारी रिकामी. बसच्या मागे बँडची गाडी, आणि तिच्यात हिरव्या कापडात गुंडाळलेला ट्रम्पेट. वहिनीनं सिस्टरचं कोपर धरलं आणि तिला कोठीत नेलं.

"तुला जे दिसतंय तेच मला दिसतंय ना गं?"

"दिसतंय काकू. पण एका बसमध्ये दोघं बसतील?"

"बसवायचं आपण. तू तुझ्या बापाला उचल, मी माझ्या नवऱ्याला उचलते."

बाहेर येऊन वहिनीनं हात पुसले. "अहो, शाळेच्या बाईंना फोन लावा आणि बस मागा."

"कशाला?"

"पाचशे माणसं आणायला. गल्लोगल्ली फिरून."

"आणि लोकांना कळणार कसं?"

"बाबा ट्रम्पेट वाजवतील," सिस्टर म्हणाली.

दादानं छोटूकडे पाहिलं, छोटूनं गाजराकडे पाहिलं.

"त्याच्या बसमध्ये मी..."

"बाबा, बस शाळेची आहे. काकांची नाही. ट्रम्पेट तुमचा आहे आणि डाळ सगळ्यांची आहे. आता आठ वाजलेत. मी रात्रभर जागी आहे आणि माझ्याशी वाद घालायचा नाही."

सिस्टरनं ज्या आवाजात हे सांगितलं त्या आवाजात ती माणसांना इंजेक्शन घ्यायला लावते. छोटू उठला. दादानं मुख्याध्यापिकांना फोन लावला आणि तोंडावर हात धरून कोपऱ्यात जाऊन बोलला. परत आला तेव्हा तो थोडा भांबावलेला होता.

"हो म्हणाल्या. म्हणाल्या, बस न्या, पण सीटांखालचं च्युइंगम खरवडून काढलंत तरच."

"काढू," वहिनी म्हणाली. "तुम्ही निघा आता."

बस वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत आली, ताईच्या शेजारी पाट ओढून बसली आणि कांदा हातात घेतला.

"ताई, खरं सांगा. दहा किलो कुणी सांगितलं होतं त्या दिवशी?"

ताईनं सुरी थांबवली नाही. "मला काय माहीत? मी नव्हते तिथं. तुला माहीत आहे का?"

"आहे," वहिनी म्हणाली. "पण मी सांगून काय उपयोग? ज्यानं सांगायचं त्यानं सांगायला हवं."

तिचे डोळे पाणावले होते. कांदे होतेच समोर, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

*

पहिला अर्धा तास वाईट गेला.

छोटू ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून खिडकीतून ट्रम्पेट वाजवत होता. वरातीत वाजवायच्या सगळ्या चाली त्यानं वाजवल्या. माणसं गच्चीत यायची, बस पाहायची, नवरा-नवरी शोधायची आणि आत जायची. बांधकामावरच्या गवंड्यांपाशी दादानं बस थांबवली आणि छोटू ओरडला, "जेवण आहे! गरम आहे! फुकट आहे!"

"निवडणूक आहे का?" एक गवंडी म्हणाला.

"नाही हो."

"मग काय विकताय?"

"काही नाही!"

"मग फुकट कशाला?" असं म्हणून गवंडी परत विटांकडे वळला. त्याचंही काही चुकलं नव्हतं. फुकट म्हटलं की शहाणा माणूस दोन पावलं मागं सरकतो.

वसतिगृहापाशी तेच झालं, मैदानापाशी तेच. बसमध्ये आतापर्यंत एकच माणूस चढला होता आणि त्याला नुसतं पुढच्या चौकात उतरायचं होतं. छोटूचे ओठ सुजायला लागले होते. आरशात त्याला दादाचे डोळे दिसत होते. दादा आरशाशी बोलावं तसं पुटपुटला, "असं नाही बोलवत माणसांना."

"मग कसं बोलवतात?" छोटूनंही आरशालाच विचारलं.

दादानं करकचून ब्रेक मारला. छोटूचा ट्रम्पेट खिडकीवर आपटला.

"काय झालं?"

बागेच्या कठड्याशी बाकावर घड्याळजी बसले होते. तेच. मांडीवर रुमाल, रुमालावर उघडलेलं मनगटी घड्याळ, डोळ्याला भिंग. त्या रविवारनंतर ते जेवायला कधीच आले नव्हते.

दादा बसमधून उतरला. छोटूला वाटलं, आपणही उतरावं. पण तो खिडकीशी बसून राहिला. दादाची त्याच्याकडे पाठ होती, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"ओळखलंत का?"

घड्याळजींनी भिंग काढलं. "रविवारचे ना तुम्ही? ओळखलं की."

"सहा महिन्यांपूर्वी तुम्ही न जेवता परत गेलात."

"हरकत नाही हो. होतं असं."

"होत नाही असं," दादा म्हणाला. "आमच्याकडे झालं नव्हतं कधी. चूक माझी होती. डाळ दहा किलो भिजव असं मीच म्हटलं होतं. थंडी आहे, कोण येतंय, असं वाटलं मला. आणि सगळ्यांसमोर नाव घेतलं भावाचं." तो थांबला. त्याची मान लाल झाली होती. "धाकटा आहे ना, त्याचं नाव घ्यायची सवय आहे मला."

छोटूनं ट्रम्पेट मांडीवर घट्ट धरला. सहा महिने तो हे वाक्य ऐकायची वाट पाहत होता. ते ऐकल्यावर आपण काय काय सुनावायचं हेही त्यानं घोकून ठेवलं होतं. आता त्यातलं एकही अक्षर आठवेना. त्याला फक्त वाईट वाटलं, की एवढा मोठा माणूस भर रस्त्यात असा मान खाली घालून उभा आहे, आणि तो आपला दादा आहे.

तो खाली उतरला.

"माझंही चुकलं," तो घड्याळजींना म्हणाला, कारण दादाला म्हणणं अजून जड होतं. "दहा कमी पडणार हे मला कळत होतं. मी विचारायला हवं होतं. मी मुद्दामच विचारलं नाही. म्हटलं, पडू दे कमी, कळेल त्याला."

दादा गर्रकन वळला. "मुद्दाम?"

"हो."

"गाढवा!"

सहा महिन्यांनंतरचा हा पहिला थेट शब्द. छोटूला तो इतका गोड लागला की तो हसला. दादाही हसला, मग त्याला हसू आवरेना, आणि त्यानं छोटूच्या पाठीत असा धपाटा घातला की कुंपणावरचे कावळे उडाले.

घड्याळजी दोघांकडे आळीपाळीनं पाहत होते. "तुमचं झालं असेल तर एक विचारू? आज पुरेल ना?"

"आज?" दादा म्हणाला. "अहो, आज आमच्यावर उपकार करा. आम्ही तिघा भावंडांनी एकमेकांवर विश्वास न ठेवता तिप्पट डाळ भिजवलीय. साडेसातशे माणसं नाही जेवली तर ताई आम्हाला त्या डाळीत उकडेल."

घड्याळजींनी घड्याळ खिशात टाकलं. "असं सांगा ना मग. फुकट आहे म्हणून काय ओरडत होता मघापासून? अडचणीत आहोत म्हणा. माणसं धावत येतील."

आणि तसंच झालं. परत जाताना छोटू खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, "चूक झाली हो! आमची डाळ जास्त झाली! मदत करा!" मघाचा गवंडी विटा टाकून उभा राहिला. "किती जास्त झाली?"

"तिप्पट!"

"अरे, तिप्पट?" त्यानं मागे वळून हाळी दिली, "चला रे सगळे, या माणसांची फजिती झालीय!"

*

साडेदहापासून बस भरून येत होती आणि रिकामी परत जात होती. सिस्टरनं खेपा मोजायचं सोडून दिलं. गवंडी आले, वसतिगृहातली मुलं-मुली आली, मैदानावरच्या दोन्ही टीम गुडघ्यांना माती लावून आल्या. इस्पितळाच्या फाटकाशी रोग्यांचे नातेवाईक ताटकळत बसलेले असतात, त्यांना ती स्वतः बसमधून जाऊन घेऊन आली. छोटूची सगळ्या लग्नांच्या आचाऱ्यांशी ओळख, त्यामुळे मोठी पातेली आणि जादा तांदूळ चटकन मिळाले. सहा चुली पेटल्या. दोन खेपांच्या मधल्या वेळात दादा घामाघूम होऊन लाकडी वल्ह्यासारख्या उलथण्यानं डाळ ढवळत होता आणि छोटू त्याच्या शेजारी उभा राहून गाजर टाकत होता.

"जास्त झालं."

"नाही झालं."

"अण्णा एवढं घालायचे का?"

"अण्णा याहून जास्त घालायचे. तू झोपलेला असायचास."

आत्या दारात उभी राहून हे ऐकत होती. सिस्टरला तिचा चेहरा दिसला. आत्या हसत नव्हती, रडतही नव्हती, नुसती ऐकत होती. सिस्टर तिच्याजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली.

"आत्या, किल्ली द्यायलाच हवी का?"

"शब्द दिलाय मी त्या बाईंना." ताईनं तिचा गाल थोपटला. "आणि एका दिवसानं काय होतं गं? उद्या परत भांडतील."

"भांडू देत की. निदान बोलतील."

ताईनं घंटेची दोरी ओढली. घंटेचा आवाज अंगणभर घुमला आणि रांगेत पहिल्या नंबरावर उभ्या असलेल्या घड्याळजींनी मनगट पाहिलं. "दोन मिनिटं उशीर," ते म्हणाले. "तिप्पट डाळीला माफ."

मग वाढणं सुरू झालं. वहिनी भात, ताई डाळ, छोटू कांदा-गाजर. ताटल्या तीनशेच होत्या, म्हणून सिस्टरनं जाहीर केलं, "जेवलं की आपली ताटली आपण धुवायची आणि मागच्याच्या हातात द्यायची. मी बघतेय!" लोकांनी निमूट ऐकलं. नळाशी दुसरी रांग लागली. गवंड्यानं धुतलेली ताटली वसतिगृहातल्या मुलीनं घेतली, तिची एका गोलकीपरनं घेतली. कुणीतरी म्हणालं, मीठ कमी आहे. कुणीतरी म्हणालं, अजिबात नाही. या वादावर अर्धं अंगण बोलायला लागलं आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या ताटल्यांतली डाळ चाखू लागली.

दोनच्या सुमारास एक सडपातळ बाई हातात मोजपट्टी घेऊन आत शिरली. गर्दी पाहून ती दारातच थबकली.

"मी नृत्यशिक्षिका. जागा मोजायला जरा लवकर आले. आज काही समारंभ आहे का?"

"नाही, डाळ आहे," सिस्टर म्हणाली आणि तिच्या हातात ओगराळं दिलं. "माझ्या आत्याला दहा मिनिटं बसू द्या. एका ताटलीला एक भरून. माणसाच्या तोंडाकडे बघून वाढायचं."

नृत्यशिक्षिकेनं ओगराळ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, मोजपट्टी गळ्यात अडकवली आणि वाढायला लागली. दहा मिनिटांचा दीड तास झाला. ती वाढताना एका पायावर झुलायची. रांगेतली मुलंही तशीच झुलायला लागली आणि छोटूनं कांदा-गाजर सोडून ट्रम्पेट उचलला.

*

साडेतीनला शेवटच्या माणसाला वाढून झालं. कुणी परत गेलं नाही. ताईनं अंगणाच्या दोन्ही बाजूंना जाऊन पाहिलं, रस्त्यावर जाऊन पाहिलं. जेवायचं राहिलेलं एकही माणूस नव्हतं.

फक्त हे सगळे राहिले होते. आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही हे त्यांच्या आता लक्षात आलं. दादानं पातेल्यांत डोकावून पाहिलं.

"संपलं! पंचेचाळीस किलो डाळ संपली, आणि आपल्याला नाही!"

"पूर्ण नाही संपली," छोटू म्हणाला. तो एका पातेल्यात जवळजवळ कमरेपर्यंत वाकला होता. "खरपूड आहे."

पातेल्याच्या तळाशी डाळ लागून जाडसर, तपकिरी थर झाला होता. लहानपणी याच्यासाठी या तिघांच्या झिंज्या उपटून झाल्या होत्या. अण्णा मग पातेलं मधोमध ठेवायचे आणि म्हणायचे, तिघांनी एकदम हात घाला, कोण किती खातो ते कुणी बघायचं नाही.

दादानं आणि छोटूनं पातेलं उचलून जमिनीवर मधोमध ठेवलं. सगळे भोवती बसले. नृत्यशिक्षिका उभीच होती, तिला वहिनीनं हाताला धरून खाली बसवलं. उलथण्यानं खरपूड सुटत होती आणि सगळे हातानं खात होते. थोडी करपली होती, थोडी कडक होती. ताईला वाटलं, गेल्या सहा महिन्यांत तिनं चवीनं खाल्लेलं हे पहिलं अन्न.

"दादा, तू मोठा तुकडा घेतलास," छोटू म्हणाला.

"कुणी बघायचं नाही असं ठरलंय," दादा म्हणाला आणि त्या तुकड्याचा अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

चार वाजले. ताईनं पदराला हात पुसले, कमरेची किल्ली काढली आणि पातेल्याच्या काठावर ठेवली. सगळ्यांचे हात थांबले. दादानं घास गिळला नाही. छोटू जमिनीकडे बघत होता. सिस्टर ताईकडे बघत होती.

ताईनं नृत्यशिक्षिकेकडे पाहिलं. "बाई, मी शब्द दिलाय तुम्हाला आणि तो मोडणार नाही. पण शब्द मागे घ्यायची परवानगी मागते. देता का?"

नृत्यशिक्षिकेनं बोटं चाटली. तिच्या गळ्यातली मोजपट्टी डाळीनं माखली होती. "माझी मुलं शनिवारी नाचतील," ती म्हणाली. "शनिवारी जागा मिळेल ना? रविवारी मला इथंच यायचंय."

वहिनीनं तिला मिठीच मारली. दादा काहीतरी बोलायला गेला आणि त्याला ठसका लागला, छोटू त्याच्या पाठीत बुक्क्या मारत राहिला, जरुरीपेक्षा चार जास्तच. ताईनं किल्ली उचलली. तिनं आवाज शक्य तितका करडा केला.

"बरं. मग पुढच्या रविवारची डाळ कोण भिजवणार?"

"मी," दादा म्हणाला.

"मी," छोटू म्हणाला.

"मी," सिस्टर म्हणाली, आणि तिघांचं एकदमच झालं.

"एकानं!" ताई ओरडली. "फक्त एकानं. दादानं. पंधरा किलो. बाकीच्यांनी शनिवारी गुमान झोपायचं. कळलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. छोटूनं जरा जास्तच डोलावली. दादानं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. वहिनीनं दोघांकडे पाहिलं. मग सगळे उठले, कारण पातेली घासायची होती आणि बसमधलं च्युइंगम खरवडायचं होतं.

ताई किल्ली कमरेला खोचून नळाशी गेली. दादाचा बिचाऱ्याचा काही प्रश्न नाही, तिला वाटलं, तो भिजवील अगदी वेळेवर. तरीपण घरी गेल्यावर डब्यात किती डाळ आहे ते एकदा बघून ठेवायला हवं. फार नाही, पाचच किलो.